कुसाबाईची दिल्ली

घोटीत दिल्लीविषयी काही विचारायचं असलं की लोक केरूमामांकडे जात. कुणाच्या पोराला इतिहासाचा धडा समजावून हवा असे, कुणाच्या भाच्याला परीक्षेसाठी दिल्लीला जायचं असे. कारण उघड होतं. नाशिकला द्वारका चौकात एक यात्रा कंपनी आहे, तिथे केरूमामा आचारी. उत्तर भारताची यात्रा निघाली की पातेली निघत आणि पातेल्यांमागून केरूमामा निघत. इतक्यांदा दिल्लीला जाऊन आलेला माणूस अख्ख्या तालुक्यात दुसरा नव्हता.

आता, केरूमामांनी दिल्ली पाहिली होती का, हा प्रश्न निराळा.

यात्रेचा रिवाजच असा, की प्रवासी किल्ला पाहतात तेव्हा आचारी कांदा चिरतो, आणि आचाऱ्याला जरा टेकायला मिळालं की प्रवासी परत येऊन ‘मामा, चहा’ म्हणतात. कंपनीची ठरलेली धर्मशाळा लाल किल्ल्याच्या अगदी जवळ. गच्चीवर चढलं तर किल्ला दिसतो, असं म्हणत. पण भट्टी मागच्या अंगणात, आणि अंगणातून दिसायची ती पाण्याची काळी टाकी. ती टाकी मात्र मामांनी फार बारकाईने पाहिलेली होती.

मग इतिहास आला कुठून? तर वाढता वाढता. पंगत बसली की गाइडने सांगितलेलं लोक एकमेकांना पुन्हा सांगतात, वाढवून सांगतात आणि मग त्यावर भांडतात. मामा आमटीचं भांडं घेऊन रांगेतून चालत. पहिल्या ताटाशी पांडवांचं इंद्रप्रस्थ वसायचं, मधल्या ताटांवर सुलतान येऊन जायचे, मराठे यमुनेवर घोड्यांना पाणी पाजायचे, आणि मामा शेवटच्या ताटापाशी पोचेपर्यंत इंग्रजांनी कलकत्त्याहून राजधानी आणलेली असायची.

हे सगळं ते घरी येऊन कुसाबाईला सांगत. ती सूप घेऊन तांदूळ निवडायला बसायची आणि मामा भिंतीला पाठ टेकून दिल्ली उभी करायचे. त्यांच्या दिल्लीत लढायांपेक्षा स्वयंपाकाला महत्त्व जास्त.

“तो तुघलक,” मामा सांगत, “त्यानं काय केलं, अख्खी दिल्ली उठवली आन आपल्या दौलताबादेला चालवली. राजधानी हलवली म्हन!”

“अगं बाई! आन रस्त्यात जेवाय?”

“त्येच तर! कुनी इचारच नाय केला. पोरंबाळं, म्हातारीकोतारी. एवढ्या मानसांला चुली कुठं घातल्या आसतील, पानी कुठनं आनलं आसंल? आन थोड्या वर्षांनी म्हनतो, चला परत!”

“आचारी पळून गेला आसंल,” कुसाबाई म्हणायची. “तुमच्यावानी.”

“मी कवा पळालो?”

“दर म्हयन्याला तर पळता.”

तिचा आवडता भाग होता शहाजहानचा महाल. किल्ल्याला लागून यमुना वाहते, तिचं पाणी संगमरवरी पाटातून महालाच्या खोल्याखोल्यांमधून खेळवलंय, उन्हाळ्यात बेगमा त्यात पाय सोडून बसायच्या. दारणा नदीचं पाणी बादलीने ओढत आयुष्य गेलेल्या बाईला हे ऐकून सूप हलवायचं भान राहत नसे. “एकदा दावा मला,” ती म्हणायची. “पुढच्या खेपेला,” मामा म्हणायचे. ते खोटं बोलत नव्हते. दर वेळी पुढची खेप यायची, आणि दर वेळी तिच्यात कांदे असायचे.

मग एके दिवशी मामांच्या दाताखाली भातातला खडा आला. दुसऱ्या दिवशी दोन आले. कुसाबाईने निवडलेल्या तांदळात खडा, म्हणजे घोटीत अघटितच. नाशिकच्या डॉक्टरांनी तिचे डोळे तपासले. “काचबिंदू,” ते म्हणाले. “गेली ती नजर परत येत नाही. उरलीय ती सांभाळायची. थेंब चुकवू नका.”

 दुसऱ्या दिवशी मामांनी द्वारका चौकात कंपनीत जाऊन मॅनेजर रविराजला गाठलं. हा पोरगा मामांच्या हातचं खाऊन मोठा झालेला.

“दिल्लीच्या या खेपेला मंडळी संगं येनार. आन किल्ल्याच्या दिवशी मला सुट्टी पायजे. माझ्या हाताखालचा वाळू करंल सैपाक.”

“मामा, तुम्ही सुट्टी मागताय? बरे आहात ना?”

“मला काय धाड भरलीय? तिला दावायचंय सगळं. डोळं हायेत तवर.”

निघेपर्यंत मामा घरी असले की रोज विचारत, “दिसतंय ना?” आणि कुसाबाई रोज म्हणे, “दिसतंय की. तुमचं टक्कलसुदिक दिसतंय.” घरातला कोपरान्‌कोपरा तिच्या हाताखालचा, त्यामुळे ती कुठे अडखळत नसे. मामांना तेवढ्याने धीर यायचा. शिवाय मधल्या दुसऱ्या यात्रांमुळे ते महिन्यातले निम्मे दिवस घरात नसत. ती थेंब घालत होती, आणि थेंबांना जे जमत नव्हतं ते कुणाला सांगत नव्हती.

दिल्लीला किल्ल्याच्या दिवशी सकाळी मामांनी इस्त्रीचा सदरा घातला. बटणं लावताहेत तोच अंगणातून किंकाळी आली. वाळूच्या हातावर उकळतं तेल सांडलं होतं. त्याला दवाखान्यात न्यावं लागलं. भट्टी पेटलेली, कणीक भिजलेली आणि अख्खी बस दुपारी भुकेली परत येणार. रविराज नुसता मामांकडे बघत उभा राहिला. मामांनी सदरा काढून खुंटीला लावला.

“तू जा,” ते कुसाबाईला म्हणाले. “इंदिराताई हायेत, त्यांचा हात सोडू नको. समदं नीट बघून ये.”

इंदिराताई यात्रेतल्याच, पंचवटीच्या, बँकेतून निवृत्त झालेल्या, स्वभावाने प्रेमळ. त्यांनी कुसाबाईचा हात धरला आणि नातवंडांचं कौतुक सांगत त्या अशा चालू लागल्या, की गाइडचं काही ऐकू येऊ नये. मामांनी त्या दिवशी पोळ्या लाटल्या, पण लक्ष सगळं किल्ल्याकडे. आता दरवाजात असेल. आता महालात असेल.

दुपारी मंडळी परतली. मामा नेहमीसारखे वाढत रांगेतून निघाले आणि इतिहास नेहमीसारखा कानावर पडू लागला.

“काही म्हणा, निराशा झाली हो. पाट नुसते कोरडे ठणठणीत!”

“आणि यमुना कुठे आहे? गाइड म्हणाला, लांब सरकली. तिथे आता मोठा रस्ता आहे.”

मामांचा पळी धरलेला हात थांबला. इतक्या खेपांत कोरड्या पाटाबद्दल कुणीच बोललं नसेल असं कसं होईल? पण ज्या गोष्टी कुसाबाईला सांगण्यासारख्या नव्हत्या, त्या मामांच्या कानात टिकत नसाव्यात.

कुसाबाई अंगणातल्या बाकावर बसली होती. चेहरा फुललेला. मामा तिचं ताट घेऊन गेले.

“बघितलं?”

“बघितलं तर! तुमी सांगितलं अगदी तस्संच. ही लालभडक भिंत. खाली यमुना, काय तिचं पात्र! आन महालात पाटाचं पानी कसं झुळझुळ वाहतंय. बेगमा बसायच्या ती जागाबी बघितली.”

मामांनी ताट तिच्यापुढे बाकावर ठेवलं. ती उत्साहाने ताटाकडे वळली. ताट कप्प्यांचं होतं आणि गडबडीत मामांनी ते उलटं ठेवलं होतं. तिने पोळीचा तुकडा मोडला, भाजी असते तिथे नेला आणि श्रीखंडात बुडवून तोंडात घातला. क्षणभर तिचा जबडा थांबला.

“आज म्हनलं, गोडापासनं सुरुवात करावी,” ती म्हणाली.

मामा तिच्यासमोर जमिनीवर उकिडवे बसले. त्यांनी दोन्ही हातांनी ताट फिरवलं आणि हळूच म्हणाले, “उजव्या हाताला भाजी हाय. वरल्या अंगाला भात. डावीकडं लोनचं.”

कुसाबाईचा हात ताटावर तसाच राहिला. पंगतीतून कुणीतरी “मामा, ताक!” म्हणून हाक मारली. मामा उठले नाहीत. रविराजने एकदा या दोघांकडे पाहिलं आणि ताकाचं पातेलं स्वतः उचललं.

“कवाधरनं गं?”

“भात काढनीपासनं काय दिसंना झालं. येका डोळ्याला उजेड तेवढा कळतो.”

“आन सांगायचं नाय?”

“तुमी एवढं दावाय निघाला व्हता,” ती म्हणाली. “म्हनलं, दिल्ली होऊन जाऊ दे.”

भांडी घासायला इंदिराताई नि दोघीतिघी पुढे आल्या आणि रविराजने मामांना अक्षरशः ढकललं. “जा मामा. किल्ला अजून उघडा आहे.”

“आता काय करू जाऊन?”

“चला,” कुसाबाईच उठली. “आजवर लोकांचं ऐकून सांगत व्हता. आता सोता बघून सांगा.”

खुंटीवरचा सदरा पुन्हा अंगात आला. मामांनी बायकोचा हात धरला. गर्दीतून, दरवाजातून, आतल्या बाजारातून ते बागेपर्यंत पोचले. समोर महाल होता. पांढरा, मोकळा, उन्हात तापलेला. खांबांमधून वारा इकडून तिकडे जात होता. मामा बघत राहिले. आमटीच्या एका फेरीत पांडवांपासून इंग्रजांपर्यंत पोचणारा माणूस, त्याला पहिला शब्द सापडेना.

“सांगा की,” कुसाबाईने कान त्यांच्याकडे केला.

“दगूड हाय,” मामा म्हणाले. “पांढरा. लय पांढरा.”

“आन नदी?”

खोटं बोलणं सोपं होतं. तिला ते आवडलंही असतं. पण आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतः काही पाहिलं होतं, आणि तिच्यासाठीच पाहिलं होतं.

“नदी न्हाई, कुसा. लांब गेली. तिथं रस्ता हाय.”

“आन पाटाचं पानी?”

“पाट कोरडा हाय.”

कुसाबाईने पायाने फरशी चाचपली. मग तिला हसू यायला लागलं. आधी बारीक, मग खांदे हलेपर्यंत.

“काय झालं?”

“अवं, मी सकाळी इथं लुगडं धरून चालले! वर, घोट्याच्या वर! पानी लागंल म्हनून. इंदिराताई म्हनल्या, कुसाबाई, चिखल आहे का हो? मी म्हनलं, हाय!”

ती हसत होती, लुगडं कसं धरलं होतं ते हाताने दाखवत होती. केरूमामांनी खाली पाहिलं. हिरवळीच्या कडेची फरशी कोरडी होती, स्वच्छ होती. तिच्यावरून आज सकाळी त्यांची बायको जपून, पाऊल उचलून, त्यांनी सांगितलेल्या पाण्यातून चालत गेली होती, आणि ते तिथे नव्हते.