तीसनंतर बत्तीस

गोपिका हेडाऊने एक्केचाळिसाव्या वर्षी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला नाव घातलं, तेव्हा घरात कोणी म्हणून कोणी नाही म्हटलं नाही. तेच नडलं. कोणी आडवं आलं असतं तर ती भांडली असती. नवऱ्याशी, भाजीवाल्याशी, गॅसवाल्याशी भांडायची तिला चांगली सवय होती. पण सासू कुसुमावती म्हणाली, "शिक नं वं, पोरगी पुण्याले गेली, आता काय काम राहिलं तुले घरात." नवरा पंकज म्हणाला, "मले काय, जा." आणि मोठ्या दिरांनी, म्हणजे तिच्या भासऱ्यांनी, मनीषनगरच्या आपल्या घरून निरोप धाडला की दुसरीकडे कुठे कशाला, माझंच कॉलेज तुमच्या गांधीबागेतल्या घरापासून पायी पंधरा मिनिटांवर आहे, तिथेच येऊ द्या तिला.

रुपराव हेडाऊ म्हणजे या कोष्ट्यांच्या घरातला पहिला प्रोफेसर. बापाने माग चालवून शिकवलेला. माणूस सज्जन, आवाज कधी चढणार नाही, कुणाचा चहा फुकट पिणार नाही. समाजशास्त्र शिकवायचे. गोपिकेचं उमरेडला बावीस वर्षांपूर्वी लग्नापायी सुटलेलं शिक्षण तेही समाजशास्त्राचंच. तिला नोकरी नको होती, कुणाला काही करून दाखवायचं नव्हतं. पण आपण एक गोष्ट अर्धी टाकून आलो हे तिच्या मनातून एक दिवस गेलं नव्हतं, आणि ती पुरी झाल्याशिवाय जीवाला चैन पडणार नव्हती.

आता या घराची रीत सांगितली पाहिजे. धाकट्या भावाच्या बायकोने भासऱ्यांसमोर डोक्यावर पदर घ्यायचा, खुर्चीवर बसायचं नाही, त्यांच्याशी थेट बोलायचं नाही. भासरेही भावजयीचं नाव घेत नाहीत. पाणी हवं असलं तरी भिंतीला विचारतात, "कोणी आहे का गा आतमध्ये?" बावीस वर्षं हे बिनबोभाट चाललं, कारण दोघांच्या मध्ये नेहमी कोणीतरी असायचं. वर्गात मध्ये कोण असणार? एवढ्या शिकल्यासवरल्या घरात ही साधी गोष्ट एकाच्याही डोक्यात आली नाही, याला काय म्हणावं.

पहिल्या दिवशी रुपराव वर्गात आले तशी गोपिका शेवटच्या बाकावर पदर सावरत उठली, ती परत बसेचना. सगळी पोरं बसली तरी ही उभी. शेवटी शेजारच्या रोशनीने, अठरा वर्षांच्या पोरीने, तिला खाली ओढलं. मग हजेरी सुरू झाली. हजेरी नावानिशी घ्यायची पद्धत होती, पण रुपरावांनी त्या दिवशी नंबरांनी घेतली. एकोणतीस झाला, तीस झाला. मग त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाले, "बत्तीस."

रोशनी हात वर करून म्हणाली, "सर, काकू राहिल्या."

गोपिकेने तिचा हात दाबला. "राहू दे वं. ते लिहितात."

तिला खरंच तसं वाटलं. घरचा माणूस, डोळ्यांनी पाहून राहिला की ही बसली आहे, तो गैरहजर थोडीच लिहिणार! आणि मी मोठ्याने 'हजर' म्हटलं नाही, यात त्यांचा मानच राहिला, असंही तिला वाटलं. बाई मनातून खूशच झाली.

पाऊसपाणी, पोळा, गणपती, काही असो, तिने एक तास चुकवला नाही. सकाळी चारला उठून स्वयंपाक, सासूचं पथ्य, पंकजचा डबा, आणि मग पायी कॉलेज. रोज तीसनंतर बत्तीस. एकदा तर रुपरावांनी परिहार संबंध हा भाग शिकवला. काही समाजांत सून आणि मोठा दीर यांच्यात बोलणं कसं टाळलं जातं, हे खिडकीकडे बघून अर्धा तास छान समजावलं. सगळ्या वर्गाने उतरवून घेतलं. गोपिकेनेही घेतलं, पदर पुढे ओढून.

ऑक्टोबरात फलकावर यादी लागली. ज्यांची हजेरी कमी, त्यांना परीक्षेचा फॉर्म नाही. एकतीस नंबर: समाजशास्त्र, शून्य. बाकीच्या विषयांत जवळपास शंभर टक्के आणि इथे शून्य. गोपिकेने तडक ऑफिस गाठलं. बाबू म्हणाला, "सरांची सही आणा, बस. परवा शेवटची तारीख आहे."

बस म्हणे. तिने घरी पंकजला सांगितलं. तो जेवता जेवता थांबला. "भाऊले मी काय म्हणू? तुमचं चुकलं म्हणू?" जावेला फोन केला, तर ती म्हणाली, "मी त्यायच्या कॉलेजच्या भानगडीत नाही पडत बा." सासू म्हणाली, "तो एवढा मोठा मास्तर, त्याले समजते सगळं. तू काहून घाई करून राहिली?" कोणी वाईट बोललं नाही. सगळ्यांनी तिला समजावलं आणि सगळे आपापल्या कामाला लागले. त्या रात्री तिला वाटलं, या घरात एकही दार बंद नाही आणि तरी आपल्याला बाहेर पडता येत नाही.

शेवटच्या दिवशी ती अर्ज घेऊन स्टाफरूमच्या दाराशी गेली. रुपराव आत होते, शेजारी श्वेता मॅडम पेपर तपासत होत्या.  गोपिकेने अर्ज टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला आणि मागे सरकली. रुपरावांनी वाचला. हजेरीबुक उघडलं. एकतीस नंबरची ओळ चार महिने कोरी होती. हजर नाही, गैरहजरही नाही. कोऱ्या ओळीला कम्प्युटरने शून्य म्हटलं होतं.

"मॅडम," रुपराव टेबलाकडे बघत म्हणाले, "यांना सांगा, माझ्याकडून फार चूक झाली. पण आता चार महिन्यांची हजेरी एका दिवशी भरली, तर लोक म्हणतील घरच्या माणसासाठी भरली. ते मला जमायचं नाही."

श्वेता मॅडमनी दोघांकडे पाहिलं. "त्या इथेच उभ्या आहेत, सर."

"हो. सांगा त्यांना."

गोपिका वर्ष गमावून घरी आली, पोळ्या लाटायला बसली, आणि पोळपाटावर तिचे डोळे गळू लागले. राग भासऱ्यांचा नव्हताच. तिला स्वतःचाच संताप येत होता, रोशनीचा तो हात दाबला त्याचा.

संध्याकाळी मनीषनगरहून पंकजला फोन आला. तो हो, हो करत ऐकत राहिला. मग खुशीत तिच्याकडे वळला. "भाऊ म्हणून राहिले, वाईट वाटून घेऊ नको म्हणा. पुढच्या वर्षी ते पहिल्या वर्षाचा तास दुसऱ्या सरले देतात. झालं नं तुझं काम?"

इतकं सोपं होतं. जूनमध्येही इतकंच सोपं होतं. गोपिकेने पिठाच्या हाताने फोन त्याच्या कानावरून काढून घेतला. सासू दारात येऊन उभी राहिली.

"सर," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला, पण थांबला नाही. "मी गोपिका बोलून राहिली. दुसरे सर नको. पुढच्या वर्षी तुम्हीच शिकवा. मी समोरच्या बाकावर बसीन. माझं नाव घ्याचं, मी हजर म्हणीन."

 मग रुपराव तिच्याशी बावीस वर्षांतलं पहिलं वाक्य बोलले.

"पंकजले फोन दे."

"देते," गोपिका म्हणाली. "आधी नाव घेता का, ते सांगा."