ओइकावाबाईंची मर्यादा

फुमिए ओइकावा एका तंत्रविद्यालयात पोरांना गणित शिकवायच्या आणि शनिवारी बसने सेंदाईला येऊन विद्यापीठातल्या चर्चेला बसायच्या. अकरा वर्षांपूर्वी तिथल्याच फळ्यासमोर त्यांची फजिती झाली होती. गणितज्ञांचा एक आळशी रिवाज आहे: प्रत्येक ओळीतल्या स्थिरांकाला C म्हणायचं. ओळ बदलताना तो गुपचूप वाढला तरी कुणी हटकत नाही. चर्चा चालवणाऱ्या प्राध्यापक हाताकेयामा-सेन्सेईंनी मात्र हटकलं. "ओइकावा-सान, सातव्या ओळीतला C सहगुणकांवर अवलंबून आहे हो." खरंच होता. सगळी सिद्धता तिथेच कोसळली.

सिद्ध करायचं होतं ते सांगायला सोपं आहे. एका लाटेची लय बहुपदीने ठरते आणि शून्यापाशी लाटेची उंची बेफाम वाढते. तरीही सगळ्याचं संकलन एका मर्यादेखाली राहतं. पण बहुपदीचे सहगुणक बदलले की मर्यादाही बदलणार असेल, तर तिला कोण विचारतो? एका घातांकाच्या सगळ्या बहुपदींना एकच मर्यादा पुरली पाहिजे, नाहीतर बाईंची वर्षं पाण्यात.

तेव्हापासून बाईंनी नुसता C लिहिणं सोडलं. C१, C२, C३, आणि प्रत्येकाशेजारी तो कशावर अवलंबून आहे ते. चर्चेला येणारा कानेको नावाचा विद्यार्थी चिडवायचा, "यांना शाळेत घातलंय का? रोज हजेरी घेता!"

"घेते. एक पळाला होता माझा," बाई म्हणायच्या.

या नोव्हेंबरात बाई पुन्हा फळ्यापाशी उभ्या राहिल्या. C३१ आला आणि हाताकेयामा-सेन्सेईंचा हात वर झाला.

"हा कुठून आला?"

"बहुपदीच्या घातांकातून. फक्त घातांकातून."

"आणि सहगुणक?"

"त्यांचा वारासुद्धा लागलेला नाही. दाखवते." बाईंनी चार ओळींत दाखवलं. सेन्सेईंनी हात खाली घेतला. बाई पुढे गेल्या, शेवटच्या C४७ वर थांबल्या, त्याखाली जोरात रेघ मारली आणि वळल्या. "आता कुठलीही बहुपदी घ्या! घातांक तेवढा हाच ठेवा."

"सहगुणक एक कोटी!" कानेको ओरडला.

"हीच मर्यादा."

"एकाचा कोटीवा भाग!"

"हीच!" बाईंचा आवाज खोलीबाहेर गेला असेल. त्यांना पर्वा नव्हती.

मग सेन्सेई उठले. "महिनाभर तुमच्या सिद्धतेची प्रत माझ्या टेबलावर आहे. एकतिसाव्या स्थिरांकापाशी दोनदा वाटलं, सापडली चूक! बायकोला हाक मारून सांगितलंसुद्धा."

"मग?" बाईंनी कसंबसं विचारलं.

"मग काय, दोन्ही वेळा मीच चुकलो होतो."

सगळी खोली हसली. बाई भर सभेत रडल्या आणि त्यांनी ते लपवलंही नाही.