आईने गळा काढला तेव्हा

माझ्या आईसारखं रडणारी बाई आमच्या भिलाटीत दुसरी नव्हती. यात अभिमान कसला, असं कुणाला वाटेल. ज्याला वाटतं त्याने तिला ऐकलेलं नाही.

प्रकाशा या तीर्थाच्या गावाअलीकडे, तापीकाठच्या एका गावाच्या कडेला आमची भिल्लांची वस्ती आहे. मयत झालं की बायका डोक्यावरून पदर ओढून बसतात आणि सुरात रडतात. गेलेल्याचं सगळं आयुष्य त्या रडण्यात येतं. त्याचे कष्ट, त्याची आवडती भाजी, झालंच तर त्याने भावजयीला घातलेल्या शिव्यासुद्धा. एकीने गळा काढला की ऐकणाऱ्या प्रत्येकीने हातातलं काम टाकून यायचं, तिच्या गळ्यात पडायचं आणि तिचा सूर उचलायचा. भांडण असलं तरी यायचं. बोलणं बंद असलेल्या जावा गळ्यात गळा घालून रडायच्या आणि घरी जाताना पुन्हा तोंड फिरवायच्या. रडणाऱ्या बाईला एकटी सोडायचं नाही, एवढं मात्र सगळ्यांना मान्य.

मी शाळेत असताना आमचं घर विश्वासी झालं, म्हणजे येशूच्या मंडळीत गेलं. बापाची दारू प्रार्थनेत सुटली, त्यामुळे आईला आणखी कुठला पुरावा नको होता. फक्त एक गोष्ट तिच्या घशाखाली उतरली नाही. मंडळीत कुणी गेलं की आम्ही डफ वाजवून आनंदाची गाणी म्हणायचो. माणूस देवाघरी गेला, मग रडायचं कशाला, असं पाळक समजावून सांगत. ते भले गृहस्थ. दाढ दुखत असली तरी हसत असायचे. आईने त्यांचा शब्द मानला आणि रडणं सोडलं. भिलाटीत कुठे गळा निघाला की ती चुलीपुढे ओठ दाबून बसायची. आमच्या घरचं कुणी जाईना, तेव्हा हळूहळू आमच्याकडेही कुणी येईना.

पुढे पंचांनी ठरवून टाकलं. यांनी आपले देव सोडले, आता यांच्या मढ्याला नाल्याकाठच्या पुरायच्या जागेत थारा नाही. आई हातपंपावर गेली की बायका आपले हंडे बाजूला ओढायच्या. माझ्या सख्ख्या आत्यानेही ओढला. मी जात्याच तापट. मला चार शब्द सुनावायचे असत, आई मला दंडाला धरून घरी आणायची. बापाचं एकच मागणं होतं, मेल्यावर नाल्याकाठी त्याच्या आईशेजारी ठेवायचं.

मी धडगावकडे आश्रमशाळेत शिकवते. सुटीला जीप आणि एसटी करत घरी आले की आईला शास्त्र, म्हणजे आमचं बायबल, वाचून दाखवायचे. पुस्तकातली मराठी शाळेची, म्हणून वाचता वाचता अहिराणीत सांगायचे. चमत्कारांच्या गोष्टी ऐकताना ती तांदूळ निवडत असे. पण पडलेल्या नगरासाठी रडणारा माणूस आला, किंवा तू मला विसरलास का म्हणून देवालाच जाब विचारणारा आला, की तिचे हात थांबायचे. पुन्हा वाच म्हणायची. एकदा तिने सरळ विचारलं, "हाई लोके देवना समोर इतला रडतस, मंग आपलालेच काबर नको?"

मी पाळकांना विचारलं. ते पहिल्यांदाच हसले नाहीत. विचार करून सांगतो म्हणाले.

त्यांचं उत्तर यायच्या आत बाप गेला. चैत्राचं ऊन, सकाळची वेळ. केळीच्या बागेत पाणी भरता भरता बांधावर बसला तो उठलाच नाही. मंडळीची माणसं आजूबाजूच्या गावांतून जमली. पंचांचाही निरोप आला, जागा मिळणार नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी शहाद्याला पोलीस ठाण्यात जायला निघाले. पाळकांनी मला दारातच अडवलं, म्हणाले, तंटा नको, टेम्पो सांगतो, नंदुरबारच्या दफनभूमीत नेऊ. मंडळीने गाणं धरलं. दुपार चढत होती आणि टेम्पो येऊनही उभा राहिला.

आई उठली. गाणाऱ्यांमधून वाट काढत ती अंगणात गेली, भर उन्हात बसली, डोक्यावरून पदर ओढला आणि तिने गळा काढला. इतक्या वर्षांनी. डफ आपोआप थांबला.

ती बापासाठी रडत नव्हती. ती देवाशी बोलत होती, कुठे लपून बसलास म्हणून विचारत होती. "देवा, तू कोठे दपी बठना? मन्हा माणूसनी तुन्हं काय बिघाडं व्हतं? जनमभर लोकेसना वावरले पानी पाजं, त्याले हातभर जागा नही?" बापाचं सगळं आयुष्य तिने देवापुढे मांडलं. सालदारकी, दारू, दारू सोडणं, हंडे बाजूला ओढणाऱ्या बायका, सगळं. मला वाटलं, आता ही देवाचं नाव टाकणार. पण सूर खाली आला आणि ती म्हणाली, "तरी बी मी तुन्हं दार सोडाव नही. तूच उठ, तूच देख."

पहिली आली माझी आत्या. पिठाने भरलेले हात तसेच घेऊन ती आईच्या गळ्यात पडली. मग शेजारीण, मग पंचांमधल्या थोरल्याची बायको. पाहता पाहता अंगण बायकांनी भरून गेलं. रडता रडता आत्या आईला म्हणाली, "तुम्ही रडतसच नही, मंग आम्ही कसाले येवाना?"

आम्ही समजत होतो, भिलाटीने आम्हाला टाकलं. भिलाटीला वाटत होतं, यांना आपली गरजच उरली नाही.

बायकांमागून पुरुष आले आणि कुंपणाशी घुटमळत उभे राहिले. आमच्यात ज्याच्यावर वस्तीच्या बायका रडल्या तो वस्तीचा, त्याला दुसरीकडे धाडता येत नाही. पंचांमधला थोरला कुंपणाच्या आत आला. मग पोरांना म्हणाला, "बाया रडी ऱ्हायन्यात. आते कुदळ काढा."

बाप नाल्याकाठी, त्याच्या आईशेजारी आहे. प्रार्थना पाळकांनीच केली. त्यांचे डोळे भरले आणि त्यांनी ते पुसले नाहीत. मला त्यांचं उत्तर मिळालं.

सगळं गोड झालं असं नाही. थोरला अजून आमच्या घरी पाणी पीत नाही आणि आमची प्रार्थना त्याला खटकते. पण आता भिलाटीत कुठेही मयत झालं की बोलावणं आधी माझ्या आईला येतं. ती जाते आणि गळा काढते, त्यांच्या माणसासाठी, आपल्या देवापुढे. मागे बसून मी तिचा सूर उचलते. तेव्हा माझी मान ताठ असते.

मातीहून परतताना मी तिला विचारलं होतं, देवाला असं बोलायला भीती नाही वाटली?

चपला झटकत ती म्हणाली, "परकासंगे कोन भांडस, माय?"