उजवीकडं वळा, आबा

आमची शाळा आखाडा बाळापूरहून जरा आत, हळदीच्या शेतांना लागून. पहिली-दुसरीचा वर्ग माझ्याकडं. शाळेत संगणक होता, पण वीज टिकत नव्हती. म्हणून संगणक शिकवायला मी अंगणात पांढऱ्या फक्कीनं चौकटी आखल्या. एक लेकरू यंत्र व्हायचं, दुसरं हुकूम द्यायचं: पुढं चल, डावीकडं वळ, थांब. यंत्रानं स्वतःचं डोकं चालवायचं नाही, सांगितलं तेवढंच करायचं. एका चौकटीत हळकुंड ठेवलेलं. यंत्रानं ते उचललं की जमलं.

शाळा समितीचे अध्यक्ष गावातलं वजनदार माणूस. त्यांची नात माझ्याच वर्गात. एकदा ते फाटकातूनच म्हणाले, "बाई, लेकरं उन्हात काहून नाचून राहिलीत? पाढे घ्या."

"पाढे सकाळीच झाले. हेही गणितच आहे."

"असलं गणित आमी न्हाई पाहिलं."

"मग आज पाहा. तुम्हीच यंत्र व्हा."

मुख्याध्यापक व्हरांड्यातून मला 'नको' म्हणून खुणावत होते. मी तिकडं बघितलंच नाही. अध्यक्ष चिडूनच चौकटीत उतरले. हुकूम द्यायला समोर त्यांची नात.

"आबा, पुढं या. आता उजवीकडं वळा. चला." आबा हळकुंडाकडं पाठ करून थेट पाण्याच्या टाकीला जाऊन भिडले. लेकरं हसली. नात हसली नाही. ती पळत जाऊन आबांच्या शेजारी, त्यांचं तोंड होतं त्याच दिशेला तोंड करून उभी राहिली.

"तुमी बराबर वळले, आबा. हुकूम चुकला. समोर उभं राहिलं की माझा उजवा हात तुमचा डावा व्हतो."

मला हेच तर शिकवायचं होतं. चुकलं तर रडायचं नाही, कुठं चुकलं ते हुडकायचं. तिनं परत पहिल्यापासून सांगितलं आणि हळकुंड आबांच्या हातात आलं. त्यांनी ते खाली ठेवलं आणि फाटकाबाहेर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक म्हणाले, "अध्यक्षांची तक्रार आली आहे. अंगणातलं बंद करा. वर्गात शिकवा."

मी वर्गातल्या सतरंज्या गुंडाळल्या आणि फरशीवर चौकटी आखल्या. वर्गात शिकवा म्हणाले, वर्गातच शिकवते. फरशी रोज मीच पुसते.

अध्यक्ष भेटले की अजून पाढ्यांचंच विचारतात. "नातीकडून म्हणवून घ्या," मी सांगते. लेकरांचे हुकूम मुख्याध्यापकांच्या खोलीपर्यंत ऐकू जातात. वर्गाचं दार मी मुद्दाम उघडं ठेवते.