मिटलेले डोळे

कुरुंदवाडला कामासाठी गेलो होतो. दुपारची बस चुकली म्हणून जुन्या तेलघाणीच्या शेडमधलं फोटोंचं दालन पाहायला आत शिरलो. ते चालवणाऱ्या सरोजताई एकट्याच बसल्या होत्या. "बघा निवांत," म्हणाल्या.

भिंतीभर माणसांचे मोठे काळे-पांढरे चेहरे होते आणि सगळ्यांचे डोळे मिटलेले. झोपलेला, देवापुढे उभा असलेला आणि गेलेला माणूस किती सारखे दिसतात! उघड्या डोळ्यांचे फोटो आपण बघतो. हे सगळे मात्र कान देऊन माझी पावलं ऐकताहेत असं वाटू लागलं. मी हळूच चपला काढून हातात घेतल्या.

"डोळे मिटायला का सांगता?" मी विचारलं.

"उघडे असले की माणूस दिसण्यासाठी बसतो. मिटले की नुसता असतो. बसा, तुमचाही काढते."

नाही म्हणवेना. खुर्चीत बसून डोळे मिटले. रस्त्यावरचे आवाज विरत गेले आणि अगदी जवळ बरीच माणसं संथ श्वास घेत असल्याचा भास झाला. भीती वाटली, तरी उठावंसं वाटेना.

"झालं."

कॅमेऱ्याच्या पडद्यावर मला माझे वडीलच दिसले. शेवटच्या सकाळी पाहिले होते तसे, शांत.

"हा लावू नका," मी कसंबसं म्हणालो.

"छे, तुम्ही असेपर्यंत कशी लावीन?" त्या सहज म्हणाल्या. "इथे कुणाचाच जिवंतपणी लावलेला नाही."

दाराकडे जाताना मी भिंतीकडे पाहिलं नाही. कुणीतरी किंचित सरकून जागा करून देतंय, असं मात्र वाटलं.