शेडमधला स्विच आणि सुप्याचा वारा

मी जोडलेली केबल सुटत नाही. नागापूरच्या एका वर्कशॉपमध्ये क्रेनच्या हुकानं आख्खं रॅक भिंतीतून उपटून छताला नेलं होतं. खाली पळापळ, आरडाओरडा, आणि वर झोके घेणाऱ्या त्या रॅकमध्ये माझी केबल तश्शी, तिच्या शेजारचा हिरवा दिवा लुकलुकतोय. ऑफिसातल्या बाईंनी तेवढ्यात तीन मेल पाठवले म्हणे. हे मी चार लोकांत सांगते तेव्हा आमचे हे छताकडे बघत बसतात. मी म्हणते, बघा, यांना अजून तो हुक दिसतोय.

कारखान्यांत संगणकांच्या केबल टाकायचा आमचा धंदा, आणि त्यातली आमची वाटणी लग्नापासूनची आहे. शिडी यांची, टोकं माझी. भिंतीला भोक पाडणं, पाइप ठोकणं, केबल ओढणं ही यांची कामं. शेवटी केबलची टोकं स्विचला जोडायची आणि गिऱ्हाइकाशी बोलायचं, हे माझं. यातलं दुसरं काम मी जास्त मन लावून करते, असं यांचं म्हणणं आहे.

आमच्या धंद्यातला स्विच म्हणजे दिव्याचं बटण नव्हे. तो एक चपटा लोखंडी डबा असतो. पुढून ओळीनं चौकोनी खाचा, त्यांना पोर्ट म्हणायचं. प्रत्येक पोर्टात एका संगणकाची नाहीतर मशीनची केबल. कोणाचा निरोप कोणाकडे, हे तो डबा बघतो. जुन्या काळच्या सोयरिकी जुळवणाऱ्या मावशीसारखा, फक्त हा चहाला थांबत नाही. उजव्या कोपऱ्यात दोन-चार वेगळे पोर्ट असतात, लांबच्या पाहुण्यांसाठी. त्यात बोटाएवढं मॉड्यूल सरकवायचं आणि त्या मॉड्यूलच्या दोन बारीक भोकांत फायबर बसवायची. फायबर म्हणजे काचेचा केस. त्यातून वीज जात नाही, उजेड जातो. त्या केसाच्या टोकावर घाण बसली की उजेड अडला आणि निरोपही अडला. म्हणून प्रत्येक टोकाला प्लास्टिकची टोपी असते आणि मॉड्यूलच्या तोंडात रबरी बूच. जोडायच्या क्षणाला टोपी काढायची, पुसायचं, बसवायचं. टिक असा आवाज आला की झालं. हा टिक मला शंभर लोकांच्या गोंगाटात ऐकू येतो. कोणी सुपारी फोडली तरी मी वळून बघते.

सुप्याच्या एमआयडीसीत लोखंडी भागांना रंग देणारा एक कारखाना आहे. त्यांनी आवाराच्या पार टोकाला नवी शेड बांधली. ऑफिसपासून शेडपर्यंत फायबर टाकायची, शेडमध्ये स्विच बसवायचा, म्हणजे कोणत्या मालाला कोणता रंग हे ऑफिसातून थेट शेडमधल्या संगणकावर दिसणार. काम आमच्याकडे आलं. यांनी चर खणून पाइप टाकला. सुप्याची जमीन अशी की पहार मारली की पहारच विचारते, का मारलंस? ऑफिसकडचं टोक जोडून झालं. शेडमध्ये स्विच भिंतीवर बसला, मॉड्यूल त्याच्या पोर्टात सरकलं, फायबर त्याच्या शेजारी लोंबकळत ठेवली. टोकांना टोप्या, मॉड्यूलला बूच. शेवटचं तेवढं जोडायचं राहिलं, कारण दुसऱ्या दिवशी खंडेनवमी आणि तिच्या मागे दसरा. मशीन बंद.

कारखान्याच्या साहेबांनी आम्ही निघताना स्वच्छ सांगितलं, "दसरा झाला की सकाळी या. जेवणाच्या सुट्टीनंतर नवी भट्टी चालू करायचीय. तोवर शेड जोडली गेली तर आख्ख्या कारखान्याची वर्षभराची देखभाल तुमच्याकडे. नाहीतर पुण्याची पार्टी तयारच आहे."

वर्षभराची देखभाल म्हणजे आमच्यासारख्यांना रोज नवं दार ठोठावायला नको. मी म्हटलं, "साहेब, पुण्याच्या पार्टीला सांगा, नगर रस्त्याला गर्दी फार असते, उगाच येऊ नका."

खंडेनवमीला त्या कारखान्यात पूजेचं ताट काकांच्या हातात असतं. काका म्हणजे तिथले सगळ्यात जुने कामगार, पारनेरकडच्या खेड्यातले. भट्टी, कॉम्प्रेसर, वजनकाटा, पाने, हातोड्या, फोर्कलिफ्ट, कोणालाही ते सोडत नाहीत. चहाच्या मशीनलासुद्धा झेंडूची माळ घालतात. साहेब नवे होते आणि त्यांना हे फारसं रुचत नव्हतं. विजेच्या पॅनलवर अक्षता पडल्या म्हणून आधीच एकदा कुरकुर झाली होती. यंदा काही बिघडलं तर पुढच्या वर्षापासून पूजा फक्त गेटवरच्या फोटोची, शेडमध्ये ताट आणायचं नाही, असं त्यांनी काकांना सगळ्यांदेखत ऐकवलं होतं.

दसरा झाला. सकाळी आम्ही शेडमध्ये हजर. जिकडेतिकडे झेंडू, मशीनच्या कपाळाला कुंकू. आमच्या स्विचलाही डोक्यावर फूल आणि पुढून हळदीकुंकवाची पाच बोटं. मला बरंच वाटलं. माझ्या स्विचला मान मिळाला म्हणजे मलाच मिळाला की.

साहेब मागे हात बांधून उभे. काका बाजूला. हे शिडी धरून, जिला त्या दिवशी काही काम नव्हतं. असे प्रेक्षक असले की माझ्या अंगात येतं.

"चष्मा घाल," हे हळूच म्हणाले.

"चष्मा तुम्हाला लागतो. साहेब, हे काम मी डोळे झाकून करते."

"म्हणजे?" साहेब म्हणाले.

आता म्हणजे काय विचारल्यावर दाखवायलाच हवं. मी डोळे मिटले. चाचपून टोप्या काढल्या, बूच काढलं, फायबर सरकवली. टिक. डोळे उघडून मी नटीसारखी बाजूला झाले.

दिवा लागला नाही.

"आता डोळे उघडून करा," साहेब म्हणाले.

मी हसले. फायबरचे केस दोन असतात, एक बोलायचा, एक ऐकायचा. त्यांची अदलाबदल झाली तर दोन्हीकडून नुसतं बोलणंच होतं, ऐकत कोणी नाही. आमच्या घरात तसं पुष्कळदा होतं. मी दोन्ही उलटे करून बसवले. टिक. अंधार. परत सुलटे. अंधार. मग पिशवीतलं आपलं स्वतःचं मॉड्यूल काढलं, जुनं ओढून नवं सरकवलं, त्यात तीच फायबर. टिक कसला सुरेख वाजला. दिवा मेलेला.

यांना ऑफिसकडच्या टोकाला पिटाळलं. तिथून फोन.

"इकडे सगळं ठीक आहे. इकडून उजेड निघतोय."

"तुम्हाला काय कळतं उजेडातलं?"

"अगं, चष्मा घाल."

साहेब घड्याळाकडे बघून म्हणाले, "मी पुण्याला फोन करून ठेवतो. लागलंच तर." आणि निघून गेले.

माझी जीभ त्या वेळी पहिल्यांदा वाळली. हे परत आले आणि स्वतःच्या नाकावरचा चष्मा काढून माझ्या नाकावर ठेवला. मी फायबर ओढून काढली आणि टोक उजेडात धरलं.

त्या बारीक पांढऱ्या टोकावर, मोहरीहूनही लहान, एक लाल ठिपका होता. त्याच्या खाली पिवळा. शेजारच्या टोकावर तसाच. मी खाली पडलेली टोपी उचलून तळहातावर उपडी केली तर तिच्यातून अक्षतेचा चुरा पडला.

मी काकांकडे बघितलं. काका कौतुकानं माझ्या हाताकडे बघत होते.

"काका, हे तुम्ही केलंत?"

"मंग! लई बारीक काम हुतं ताई. बोट जाईना. उदबत्तीच्या काडीनं लावलं. त्या डब्याच्या भोकात बी लावलं."

"पण टोपी होती ना त्याला?"

"व्हय, हुती. काढली. टोपीवरनं कुंकू लावत्यात व्हय कुनाला? नवरदेवाची टोपी बी मागं सारूनच लावत्यात." आणि वर, "लावलं आन् परत घातली की. तशी उघडी न्हाई ठेवली. आमाला कळतंय तेवढं."

अशी मन लावून केलेली पूजा मी देवघरातही कधी केलेली नाही. मी सांगितलं, काका, या टोकातून उजेड जातो, आणि तुमच्या कुंकवानं त्याचा रस्ता अडला. काकांचा चेहरा असा उतरला की माळेतला झेंडूसुद्धा त्यांच्यापेक्षा ताजा दिसायला लागला.

"म्हंजी माज्यामुळं बंद हाय?"

"बंद होतं म्हणा. आता बघा."

पिशवीतून स्पिरिट काढलं, टोकं पुसायचं पांढरं कापड काढलं. टोक पुसलं, वाळवलं, परत पुसलं. मॉड्यूलच्या भोकांत बारीक काडी फिरवली. ती लाल होऊन बाहेर आली. दुसरी घेतली, तिसरी घेतली, शेवटची कोरी निघेपर्यंत. या वेळी डोळे उघडे, नाकावर यांचा चष्मा. पहिलं मॉड्यूल पोर्टात, फायबर मॉड्यूलमध्ये. टिक.

आणि हिरवा दिवा असा लागला म्हणता! त्याच्या उजेडात शिरूरपर्यंतचा रस्ता दिसला असता. शेडमधल्या संगणकावर ऑफिसातली पहिली ऑर्डर येऊन बसली. काकांनी स्विचला हात जोडले.

साहेब फोन हातात धरूनच आले. दिवा बघितला, संगणक बघितला. मला वाटलं, सुटलो.

"छान. पण झालं काय होतं?"

"किरकोळ, साहेब."

"किरकोळ म्हणून नाही चालणार. कारण कळल्याशिवाय मी वर्षाचं काम देत नाही. उद्या परत बंद पडलं तर? तुमची जोडणी चुकली होती का?"

माझी जोडणी! हे एवढं एक वाक्य मला झोंबणारं होतं, आणि साहेबांनी नेमकं तेच काढलं. उत्तर माझ्या जिभेवर होतं. चार शब्दांचं. ते बोलले असते तर माझं नाव धुतल्यासारखं झालं असतं, काम हातात, पुण्याची पार्टी घरी. पण काका दोन हात खाली सोडून उभे होते, वर्गात उभं केल्यासारखे, आणि ते चार शब्द येण्याची वाट बघत होते. पुढच्या वर्षी ताट गेटवर राहिलं असतं.

आता खरं न सांगायची सवय मला होतीच. ती कधी नव्हे ती उपयोगी पडली.

"जोडणी नाही चुकली, साहेब. वारा."

"वारा?"

"सुप्याचा. तुम्ही नवे आहात. वरच्या पठारावर त्या पवनचक्क्या उगाच नाही लावल्या. हा वारा बंद कुलपातून आत येतो. मागे एकदा शेजारच्या कारखान्यातल्या वॉचमनच्या डब्यातली भाकरी त्यानं नेली होती, झाकण परत लावून."

हे छताकडे बघायला लागले.

"त्यानं टोकावर धूळ आणून टाकली," मी म्हटलं.

"टोकाला टोपी होती. मी स्वतः पाहिली होती," साहेब म्हणाले.

"तेच तर! हा वारा टोपी काढतो, आत धूळ घालतो आणि टोपी परत घालतो."

"परत घालतो?"

"शिस्तीचा आहे, साहेब. उघडं टाकून जात नाही."

काका खोकले. साहेबांनी हात पुढे करून माझ्या हातातलं पांढरं कापड घेतलं. मी ते लपवायला विसरले होते. त्यांनी त्यावरचा लाल डाग बघितला, पिवळा बघितला. मग भट्टीच्या कपाळाकडे बघितलं, फोर्कलिफ्टच्या कपाळाकडे, आणि सगळ्यात शेवटी काकांकडे. मी मनातल्या मनात वर्षाच्या कामाला निरोप दिला.

साहेबांनी कापडाची व्यवस्थित घडी केली आणि मला परत दिली.

"धार्मिक दिसतो वारा," ते म्हणाले.

"फार, साहेब."

"त्याला सांगा, पुढच्या वर्षी बाहेरून बाहेरून ये. आणि ताई, या डब्याला काचेचं दार असलेली पेटी करा. कुलूप लावा. किल्ली तुमच्याकडे. वर्षभर तुम्हालाच यायचंय."

ते गेले तसे काका खाली उकिडवे बसले आणि डोक्यावरची टोपी काढून तिनं तोंड पुसत राहिले. मग म्हणाले, "ताई, वाऱ्यानं भाकर नेली, ते खरं हाय का?"

"झाकणासकट खरं आहे."

"व्हय. मला बी वाटलंच."

या खंडेनवमीला मी किल्ली घेऊन मुद्दाम गेले होते. काकांनी पेटीच्या काचेवर पाच बोटं ओढली, एकसारखी. झेंडूची माळ वर अडकवली. ताट घेऊन पुढे निघाले, दोन पावलं गेले आणि परत वळले.

"ताई, जरा दार उघडता का? कुंकू न्हाई लावत. निस्ता नारळ दाखवतो त्याला."

मी कुलूप काढलं. काकांनी दोन्ही हातांनी नारळ स्विचसमोर धरला, सगळ्या पोर्टांना नीट दिसेल असा, या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवला. आणि फोडला मात्र बाहेर, गेटवर, साहेबांच्या हातून.

तो नारळ फुटल्याचा आवाज मला शेडपर्यंत आला. मी वळून दिव्याकडे बघितलं. हिरवा होता. असणारच. मी जोडलेली आहे.