अक्कांची बारा पानं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आणि मी कोण — तर एकच किस्सा तीन लग्नांत सांगणारा माणूस! तरी एवढा एक गिळून बसलो.

जळगावात दर रविवारी दुपारी माझ्या घरी खेळ रंगतो. टेबलाभोवती पाच-सहा जण, प्रत्येकाने एकेक पात्र व्हायचं, गोष्ट मी सांगायची आणि अडलं की फासा टाकायचा. पुस्तक जाडजूड, विलायती, ड्रॅगनवालं. या प्रकारात दुसरा खेळ असू शकतो, हेच आमच्या डोक्यात नव्हतं. पुठ्ठ्याच्या आडोशामागून मी राक्षसांचे आवाज काढायचो — असे, की शेजारचं कुत्रं भुंकायचं.

अमळनेरहून अक्का यायच्या. गणिताच्या निवृत्त शिक्षिका. एकदा त्यांनी बारा पानं माझ्या हातात ठेवली. स्वतः रचलेला खेळ! वीस बाजूंच्या फाशाऐवजी चार घासलेले चिंचोके. ड्रॅगनच्या जागी तापीकाठी वाट चुकलेलं लग्नाचं वऱ्हाड. आणि एक नियम — अडलं की डावात एकदा कुणीही बोट दाखवून हवं ते 'शे' म्हणायचं, जसं "आठे इहीर शे!" म्हणजे इथे विहीर आहे. की झाली विहीर! गोष्ट सांगणाऱ्यानेही मुकाट मानायचं. एका 'शे'मध्ये अख्खं जग — मला सुचलं असतं? सात जन्मांत नाही.

अक्कांना सांगून पानं धुळ्याला सासुरवाडीला नेली, खेळून पाहिली. फासा म्हणजे जुगार म्हणणाऱ्या माझ्या सासूबाई मांडी ठोकून बसल्या आणि ओरडल्या, "आठे मना व्याही शे, आन तो रुसेल शे!" मग तासभर सगळं घर त्या नसलेल्या व्याह्याची समजूत काढत होतं. हसून हसून पोट दुखलं. माझा राक्षस कुणी मागितला नाही.

तिथे — हो, तिथेच काहीतरी टोचलं.

पुढच्या रविवारी अक्कांनी हळूच विचारलं, "भाऊ, लोकेस्ले आवडना का?"

मी म्हणालो — लिहितोच आता — म्हणालो, "अक्का, खरं सांगू? सगळे कंटाळले. अर्ध्यात उठले."

खरं सांगू, म्हणालो!

अक्का पानांवरून हात फिरवत हसल्या. "मास्तरीन शे ना मी. खेळना धडाच व्हयना व्हई." पानं पिशवीत गेली. पुन्हा निघाली नाहीत. दुसरा खेळही त्यांनी रचला नाही. दर रविवारी येतात, माझा ड्रॅगन मारतात, माझं कौतुक करतात.

धुळ्यात मात्र तो खेळ अजून चालतो. पानांची झेरॉक्स मी आधीच काढून ठेवली होती. शेजारणी जमतात, तेव्हा सासूबाई अभिमानाने सांगतात, "हाऊ खेळ आमना जवाईनी करेल शे."

मी नुसता हसतो.